देणगीचा हात आणि जमिनीचा हक्क

पॅसिफिक महासागरातील बूगनव्हिल बेटावरची पांगुना ही तांब्याची खाण १५ मे १९८९ रोजी बंद पडली, ती पुन्हा सुरू झाली नाही. तिने मागे ठेवलेल्या हानीची व्यापक पाहणी मात्र प्रसिद्ध झाली ती डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षांनी. या पाहणीचा खर्च उचलला तो खाणीची एकेकाळची मुख्य भागधारक असलेल्या रिओ टिंटो या कंपनीने. परंतु तोही आपण होऊन नव्हे. बेटावरील १५६ रहिवाशांनी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील ह्यूमन राइट्स लॉ सेंटर या संस्थेच्या साहाय्याने तक्रार दाखल केली, तीवर वाटाघाटी झाल्या, आणि मग जुलै २०२१ मध्ये कंपनीने ही जबाबदारी पत्करली. पाहणीने जे सांगितले ते बेटावरच्या माणसांना नवे नव्हते. नद्यांत सोडलेला खाणीचा गाळ अजूनही समुद्राच्या दिशेने सरकतो आहे, पुराचे पाणी शेतजमिनीत शिरते आहे, जुनी बांधकामे कोसळण्याच्या बेतात आहेत आणि यांपैकी काही धोके थेट जिवावर बेतणारे आहेत, हा त्या पाहणीचा मथितार्थ होय.

ही घटना दूरच्या एका बेटावरची असली तरी तिने पुढे आणलेला प्रश्न दूरचा नाही. परदेशी कंपन्या जेथे खाणी, कारखाने वा मळे चालवितात तेथील समाजासाठी काही ना काही करतात. शाळेच्या खोल्या बांधून देतात, दवाखाना चालवितात, होतकरू मुलांना शिष्यवृत्त्या देतात, रस्ते करतात. त्यांच्या वार्षिक अहवालांत या कार्याला मानाचे पान असते. यावर दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक पक्ष म्हणतो की, हे सारे ढोंग आहे. दुसरा म्हणतो की, सरकारला जे जमले नाही ते कंपनीने केले, तेव्हा उपकार मानावेत. दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला बगल देतात. मदत खरी असते की खोटी, हा प्रश्नच नव्हे. ती खरी असूनही अपुरी का ठरते, आणि प्रसंगी तिच्यातूनच असंतोष का भडकतो, हा खरा प्रश्न आहे. पांगुनाचे उदाहरण यासाठीच मोलाचे की, तेथील कंपनी त्या काळाच्या मानाने कंजूष नव्हती.

बेट आणि खाण

आपल्याकडे कुंपणावर चढणाऱ्या बोगनवेलीला ज्या फ्रेंच दर्यावर्दी बूगनव्हिलचे नाव मिळाले त्याच्याच नावाने हे बेटही ओळखले जाते. भूगोलाने ते सॉलोमन द्वीपमालिकेचा भाग. परंतु वसाहतवाद्यांनी नकाशावर रेघा ओढल्या त्यात ते जर्मन न्यू गिनीत गेले आणि पहिल्या महायुद्धापासून ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आले. १९७५ मध्ये पापुआ न्यू गिनी स्वतंत्र झाला तेव्हा बेटही त्याच्यासोबत गेले. तेही, स्वातंत्र्यदिनाच्या पंधरवडाभर आधी तेथील पुढाऱ्यांनी स्वतःचे वेगळे प्रजासत्ताक घोषित केले असताना. पुढे १९७६ मध्ये तडजोड झाली व बेटाला प्रांतिक सरकार मिळाले.

या राजकीय घडामोडींच्या मुळाशी खाण होती. रिओ टिंटोच्या ऑस्ट्रेलियातील कंपनीने १९६४ मध्ये पांगुनाच्या डोंगरात खनिजाचा शोध आरंभिला. १९६७ मध्ये तत्कालीन ऑस्ट्रेलियन प्रशासनाशी करार झाला, आणि १९७२ मध्ये बूगनव्हिल कॉपर लिमिटेड या नावाने प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. त्या काळच्या जगातील सर्वांत मोठ्या उघड्या खाणींत तिची गणना होत असे. पुढील सतरा वर्षांत तिने सुमारे ३० लाख टन तांबे आणि ३०० टनांहून अधिक सोने दिले. नवस्वतंत्र पापुआ न्यू गिनीच्या एकूण निर्यातीपैकी जवळजवळ ४५ टक्के निर्यात एकट्या या खाणीची होती. एखाद्या राष्ट्राचा निम्मा निर्यात व्यापार एका डोंगरावर अवलंबून असावा, ही स्थिती अर्थशास्त्राच्या दृष्टीने चिंताजनक होती, परंतु दिल्ली किंवा नैरोबीप्रमाणेच पोर्ट मोर्सबीलाही विकासासाठी पैसा हवा होता आणि तो दुसरीकडून येत नव्हता.

कंपनीने काय दिले?

कंपनीच्या बाजूची जंत्री लहान नाही. खाणीसाठी अरावा हे नवे नगर उभे राहिले. तेथे रुग्णालय, शाळा, बाजारपेठ आली. लोलोहो येथे बंदर व वीजनिर्मिती केंद्र झाले, आणि डोंगर चढून खाणीपर्यंत जाणारा पक्का रस्ता झाला. सतरा वर्षांत कंपनीने सुमारे १२ हजार कामगारांना प्रशिक्षण दिले. त्यांपैकी सुमारे ४०० जणांनी पदवी शिक्षण व १,००० जणांनी कारागिरीची उमेदवारी पुरी केली. पापुआ न्यू गिनीतील तंत्रज्ञांची एक पिढीच या खाणीत घडली, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. १९७१ मध्ये, म्हणजे उत्पादन सुरू होण्याच्याही आधी, समाजकार्य व स्थानिक उद्योग यांना साहाय्य करण्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापण्यात आले. ते व्यापारी उपक्रम चालवी आणि त्यांतील नफा लोकोपयोगी कामांसाठी वापरी.

करारातही कंपनीने नमते घेतले. १९७३ मध्ये तांब्याचे भाव चढले आणि तिला अनपेक्षित नफा झाला, तेव्हा १९७४ मध्ये कराराची फेरमांडणी करण्यात आली. सुरुवातीची करमाफी गेली आणि ठराविक मर्यादेपलीकडील नफ्यावर वाढीव कर बसला. सरकारकडे सुमारे एक पंचमांश भागभांडवलही होते. तिसऱ्या जगातील अनेक देशांनी त्या वेळी केलेल्या करारांशी तुलना केली तर हा करार यजमान देशाला वाईट नव्हता. म्हणूनच पुढे बंड झाले तेव्हा कंपनीचे अधिकारी चकित झाले, ते खोटे नसावे. एवढे देऊनही हे लोक का उठले, हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. केवळ तो चुकीच्या हिशेबातून उद्भवलेला होता.

सव्वासहा पैशांचा हिशेब

तो हिशेब नीट पाहिला पाहिजे. वसाहतीच्या कायद्यानुसार जमिनीखालील खनिज हे सरकारच्या मालकीचे होते. त्यावर स्वामित्वशुल्क बसले ते निर्यातमूल्याच्या सव्वा टक्का. १९६६ मध्ये बूगनव्हिलचे प्रतिनिधी पॉल लापुन यांनी विधानसभेत झगडून एक दुरुस्ती मंजूर करवून घेतली. तिच्यान्वये त्या स्वामित्वशुल्काचा पाच टक्के भाग जमीनमालकांना मिळू लागला. रुपयांच्या भाषेत सांगावयाचे तर शंभर रुपयांच्या खनिजामागे सव्वा रुपया स्वामित्वशुल्क, आणि त्याचा विसावा हिस्सा, म्हणजे सव्वासहा पैसे, ज्यांचा डोंगर गेला त्यांच्या वाट्याला. याखेरीज भाडे, पिकांची व नदीची नुकसानभरपाई अशा रकमा होत्या. परंतु या सर्व जमेस धरूनही, खाणीच्या आयुष्यात देशाला व भागधारकांना मिळालेल्या एकूण लाभापैकी सुमारे सहा दशांश केंद्र सरकारकडे आणि सुमारे एक तृतीयांश बिगरसरकारी भागधारकांकडे गेला. प्रांतिक सरकारला शेकडा चार-पाच आणि जमीनमालकांना शेकडा एकाच्या आसपास मिळाले.

येथे कंपनीचा एक युक्तिवाद असतो, व तो सहजी झटकून टाकण्यासारखा नाही. कंपनी म्हणते की, आम्ही कर सरकारला भरला. तो कोणाला किती वाटावयाचा हे ठरविणे सार्वभौम सरकारचे काम. आमचा करार सरकारशी आहे, गावाशी नाही. हे म्हणणे कायद्याने बरोबर आहे. पांगुनाच्या लुटीत पोर्ट मोर्सबीचा वाटा लंडन व मेलबर्न यांच्यापेक्षा कमी नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. तथापि युक्तिवादाचा दुसरा भाग तेवढाच महत्त्वाचा आहे. खाणीपासून होणारा लाभ साऱ्या देशभर वाटला जातो. तिच्यापासून होणारी हानी मात्र एका खोऱ्यात साचते. लाभ राष्ट्राचा आणि तोटा दरीचा, अशी ही विभागणी असते. कंपनी कराराचे बोट धरून बाजूला होते, सरकार राष्ट्रहिताचे नाव घेते, आणि त्या दोघांच्या मधल्या पोकळीत प्रतिष्ठानाची शाळा व दवाखाना येऊन बसतात.

न मांडलेला खर्च

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात त्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. खनिजातून तांबे वेगळे केल्यावर जो भुगा उरतो तो साठविण्यासाठी धरण बांधावे लागते, त्याला पैसा लागतो. पांगुनात तो भुगा कावेरोंग व जाबा या नद्यांत सोडून देण्यात आला. तो किती? १०० कोटी टनांहून अधिक. नदीचे पात्र उंचावले, काठच्या बागा व वने गाळाखाली गेली, मासे नाहीसे झाले, नदीच्या मुखाशी गाळाचे नवे मैदान तयार झाले. ज्यांचे अन्न नदीतून व मळईतून येई त्यांच्या दृष्टीने उपजीविकेचे भांडवलच नष्ट झाले. पण कंपनीच्या ताळेबंदात हा खर्च आला नाही. तो आला असता तर नफा कमी झाला असता. तो न आल्यामुळे नफा जास्त दिसला, आणि त्या फुगलेल्या नफ्याचा एक अल्प अंश प्रतिष्ठानामार्फत परत आला तेव्हा त्याला साहाय्य हे नाव मिळाले.

गोम येथेच आहे. ज्याला देणगी म्हणून गौरविले जाते ती पुष्कळदा न चुकविलेल्या ऋणाची लहानशी परतफेड असते. ऋण आणि देणगी यांत रकमेचा फरक नसतो, हक्काचा असतो. ऋणको देणे टाळू शकत नाही. दाता मात्र किती द्यावे, कोणाला द्यावे, केव्हा थांबावे, हे आपल्या मर्जीने ठरवितो. नदीकाठच्या माणसाला मासे हवे होते. त्याला मिळाले अरावाचे रुग्णालय. रुग्णालय चांगलेच होते. परंतु नदीच्या बदल्यात रुग्णालय घ्यावे की नाही, हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता.

दुसरी गोष्ट खनिजाच्या स्वभावाची. शेतातले पीक दरसाल येते, खनिज एकदाच निघते. म्हणून खनिजाच्या विक्रीतून येणारा पैसा हे उत्पन्न नव्हे, ती भांडवलाची विक्री असते. घर विकून आलेल्या पैशावर दरमहा बाजारहाट करणाऱ्या कुटुंबाला जो शहाणपणा शिकवावा लागतो तोच खाणीच्या प्रदेशालाही लागू पडतो. खाण संपल्यावर काय, याची तरतूद खाण चालू असतानाच व्हावी लागते. कंपनीच्या साहाय्याचे आयुष्य मात्र नफ्याच्या आयुष्याएवढेच असते. खाण थांबली की दवाखानाही थांबतो. गाळ तेवढा वाहत राहतो.

स्थानिक समाज म्हणजे कोण?

साहाय्याच्या योजनांत स्थानिक समाज हा शब्द सैलपणे वापरला जातो, जणू तो एकजिनसी असून त्याचा एकच प्रतिनिधी असतो. बूगनव्हिलमध्ये या सैलपणाची किंमत फार मोठी पडली. त्या बेटाच्या बहुतेक भागांत जमीन आईच्या वंशाकडून येते. तिच्या वापराबाबत कुळातील स्त्रियांचा शब्द महत्त्वाचा असतो. प्रशासनाने व कंपनीने नोंदवहीत नावे घातली ती मुख्यत्वे पुरुषांची, कारण ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याला जमीनमालक म्हणजे पुरुष एवढेच ठाऊक होते. ऑगस्ट १९६९ मध्ये बंदरासाठी रोरोव्हाना गावाच्या जमिनीवर मोजणीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या, तेव्हा त्या उपटावयास स्त्रियाच पुढे झाल्या. पोलिसांनी अश्रुधूर व लाठ्या वापरल्या, ऑस्ट्रेलियातील वृत्तपत्रांत त्याचा बोभाटा झाला, आणि मग भरपाई वाढवून देण्यात आली. विरोध झाल्याखेरीज रक्कम वाढत नाही, हा धडा लोकांना त्या दिवशी मिळाला. तो शिकविला कंपनीने व सरकारनेच.

पुढे १९७९ मध्ये जमीनमालकांची संघटना झाली, १९८० च्या सुमारास नव्या भरपाईचा करार झाला, आणि रकमेचा काही भाग एका न्यासात ठेवण्यात आला. कागदावर ही व्यवस्था उत्तम होती. परंतु भरपाईच्या याद्या जुन्या होत्या. त्यांत कुटुंबप्रमुखांची नावे होती. नंतर जन्मलेली, वयात आलेली मुले त्यांत नव्हती. या मुलांनी नदी पाहिली ती गाळाचीच. न्यासाचा पैसा गुंतवला जात होता आणि त्याचे लाभ मोजक्या वडीलधाऱ्यांपर्यंतच थांबतात, असा तरुणांचा आक्षेप होता. म्हणजे साहाय्याने केवळ दारिद्र्य हटविले नाही असे नव्हे, तर गावात एक नवी दुफळी निर्माण केली. पैसा घेणारे एकीकडे, नुसते नुकसान सोसणारे दुसरीकडे. १९८७ मध्ये नव्या पिढीने संघटनेचा ताबा घेतला. तिच्या अध्यक्षस्थानी पर्पेच्युआ सेरेरो ही स्त्री आली, आणि चिटणीस झाला फ्रान्सिस ओना, जो स्वतः खाणीत नोकरी करीत होता. कंपनीने घडविलेल्या माणसानेच कंपनीविरुद्ध उभे राहावे, यात विरोधाभास नाही. खाणीचा हिशेब त्याने आतून पाहिला होता.

फेरविचाराची हुकलेली संधी

या असंतोषाला वाट करून देण्याची सोय करारातच होती. १९७४ च्या फेरमांडणीत, दर सात वर्षांनी कराराचा पुनर्विचार व्हावा, असे कलम होते. १९८१ चा पुनर्विचार केंद्र सरकार व प्रांत यांच्या आपसांतील वादात झालाच नाही. १९८७ मध्ये प्रांताचे ज्येष्ठ नेते जॉन मोमिस यांनी कंपनीच्या ढोबळ उत्पन्नाचे तीन टक्के प्रांताला मिळावेत, अशी मागणी केली. कंपनीने कराराबाहेर जाण्यास नकार दिला. नंतरच्या इतिहासाकडे पाहता ही मागणी किती माफक होती हे ध्यानात येते. कारण जमीनमालकांच्या नव्या नेतृत्वाने पुढच्याच वर्षी १,००० कोटी किना नुकसानभरपाई मागितली. खाणीने सतरा वर्षांत सरकारला व भागधारकांना मिळवून दिलेल्या एकूण रकमेच्या ती कितीतरी पट होती. तीन टक्क्यांचा दरवाजा बंद झाला म्हणूनच हा आकडा पुढे आला. आकडा अव्यवहार्य होता; त्यामागची भावना अव्यवहार्य नव्हती. नोव्हेंबर १९८८ मध्ये खाणीच्या कोठारातून स्फोटके पळविली गेली, विजेचे मनोरे पाडले गेले, आणि सहा महिन्यांत देशातील सर्वांत मोठा उद्योग थंड पडला.

पुढची कथा दुःखद आहे. सरकारने सैन्य धाडले, १९९० मध्ये बेटाची नाकेबंदी केली, औषधेही अडविली. बंडखोरांत फूट पडून बेटावरील लोक एकमेकांवर उठले. १९९८ मध्ये शस्त्रसंधी झाली तोवर किती माणसे गेली याचे अंदाज १० हजारांपासून २० हजारांपर्यंत आहेत. दोन लाखांहून कमी लोकवस्तीच्या बेटावर याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. २००१ मध्ये शांतता करार झाला, आणि २०१९ च्या सार्वमतात जवळजवळ ९८ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. या युद्धाची सर्व कारणे खाणीत शोधणे अन्यायाचे होईल. बेटाची वेगळी अस्मिता खाणीच्या आधीपासूनची आहे. परंतु त्या अस्मितेला धार लावली ती सव्वासहा पैशांनी.

शेवटची देणगी

कंपनीने केलेले शेवटचे दान मात्र सर्वांत बोलके आहे. २०१६ मध्ये रिओ टिंटोने खाण कंपनीतील आपला सुमारे ५४ टक्के हिस्सा कोणतेही मोल न घेता सोडून दिला. त्याचा मोठा भाग बूगनव्हिलच्या स्वायत्त सरकारकडे व उरलेला पापुआ न्यू गिनीच्या सरकारकडे गेला. वरवर पाहता ही उदारताच होय. परंतु भाग दिले म्हणजे त्यांच्यासोबत गाळाची, ढासळत्या कठड्यांची व गंजत्या यंत्रांची जबाबदारीही दिली. आम्ही त्या त्या वेळच्या कायद्यांचे पालन केले होते, अशी कंपनीची भूमिका होती. ती कायद्याने टिकेलही. कारण नदीत भुगा टाकण्याची मुभा त्या काळच्या कायद्यानेच दिली होती. अशा प्रकारे सतरा वर्षे देणग्या देणाऱ्याने अखेरीस आपले देणेच देणगी म्हणून देऊन टाकले.

हे दान गावाने निमूटपणे स्वीकारले नाही, म्हणून २०२० ची तक्रार झाली. ती कोठे करावी लागली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. परदेशी कंपनीच्या बाबतीत पीडित एका देशात, कंपनी दुसऱ्या देशात आणि तिचे भागधारक तिसऱ्या देशात असतात. तक्रार गेली ती ऑस्ट्रेलियातील ज्या कार्यालयाकडे, ते आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांवर देखरेख ठेवते. ते न्यायालय नव्हे. दंड करण्याचा अधिकार त्याला नाही, वाटाघाटी घडवून आणणे एवढेच त्याच्या हाती. तरीही तेवढ्याने कंपनी पाहणीला तयार झाली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उपाययोजनेची चर्चा एका मेजावर करण्यास कंपनी, खाण कंपनी व स्वायत्त सरकार यांनी मान्यता दिली. चर्चेचा पैसा कोण देणार आणि किती, हा प्रश्न अर्थातच मोकळा राहिला. दरम्यान हजारो माणसे त्याच गाळातून पारा वापरून सोने धुऊन पोट भरू लागली होती. २०१५ च्या खनिज कायद्याने बूगनव्हिलने खनिजाची मालकी परंपरागत जमीनमालकांकडे दिली आणि शोधकामालाही त्यांच्या संमतीची अट घातली. १९६६ मध्ये पॉल लापुन यांनी पाच टक्क्यांसाठी झगडून आरंभ केला तेथून हे स्थित्यंतर घडण्यास एक युद्ध खर्ची पडले.

आपल्याकडील तरतुदी

भारतात या प्रश्नाला कायद्याने दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. त्यांतील फरक पांगुनाच्या प्रकाशात स्पष्ट दिसतो. पहिले उत्तर २०१३ च्या कंपनी कायद्याचे. एका मर्यादेपलीकडील निव्वळ मूल्य, उलाढाल किंवा नफा असलेल्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी, आणि ते करताना कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे हा कायदा सांगतो. तो भारतात कार्यालय असलेल्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहे. ही तरतूद स्वागतार्ह असली तरी तिचा पाया देणगीचाच आहे. मोजमाप नफ्याशी जोडलेले आहे, हानीशी नाही. तोट्यातील कंपनीने नदी बिघडविली तरी तिचे देणे शून्य. शिवाय कोणते काम करावयाचे हे कंपनीचे संचालक मंडळ ठरविते, ग्रामसभा नव्हे.

दुसरे उत्तर २०१५ च्या खनिज कायद्यातील दुरुस्तीचे. तिच्यान्वये खाणीच्या जिल्ह्यांत न्यास स्थापले गेले. जुन्या पट्ट्यांबाबत स्वामित्वशुल्काच्या ३० टक्के व लिलावाने दिलेल्या पट्ट्यांबाबत १० टक्के एवढी रक्कम कंपनीने वेगळी या न्यासांत भरावयाची, आणि ती खाणीने बाधित झालेल्या लोकांसाठी वापरावयाची, असे ठरले. गडचिरोली, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांना याचा लाभ आहे. येथे मोजमाप नफ्याचे नव्हे, काढलेल्या खनिजाचे आहे. आणि रक्कम कंपनीच्या मर्जीची नव्हे, कायद्याची आहे. तत्त्व म्हणून हे पाऊल पुढचे होय. परंतु न्यासाच्या निर्णयांत खाणीच्या कडेच्या गावाचा आवाज कितपत असतो, आणि पैसा जिल्ह्याच्या ठिकाणी सुशोभीकरणात जातो की गावाच्या पाण्यात, यावर त्याचे यश ठरेल.

तिसरा प्रश्न उरतो तो संमतीचा. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी यासाठी, त्या वेळी लंडनच्या भाग बाजारात नोंदलेल्या वेदांत कंपनीचा प्रयत्न होता. कंपनीने त्या परिसरात शिक्षण व आरोग्याची कामेही केली होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपविला, आणि बारापैकी बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. शाळा व दवाखाना नको म्हणून नव्हे; डोंगर हवा म्हणून. विचारल्यावर लोक काय सांगतात, हे पांगुनात युद्धानंतर कळले, नियमगिरीत मतदानाने कळले. दोहोंतील खर्चाची तुलना कोणत्याही ताळेबंदात बसणारी नाही.

कसोटी

एवंच, परदेशी कंपनीने स्थानिक समाजासाठी किती खर्च केला, हा आकडा फारसे सांगत नाही. त्याआधी काही साधे प्रश्न विचारावे लागतात. कंपनीने ज्याचे नुकसान केले त्या गोष्टीची किंमत तिच्या खर्चात धरली गेली आहे काय? देण्याचे मोजमाप तिच्या नफ्यावर आहे की तिने नेलेल्या साधनसंपत्तीवर? कोणाला द्यावयाचे हे ठरविताना ज्यांची जमीन आहे त्यांचे, त्यांतील स्त्रियांचे व पुढच्या पिढीचे म्हणणे ऐकले जाते काय? आणि खाण वा कारखाना बंद झाल्यानंतरच्या दिवसाची तरतूद तो सुरू असतानाच झाली आहे काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर शाळा व दवाखाने हे मनापासून स्वागत करावे असे वाढीव दान ठरेल. ती नकारार्थी असतील तर त्याच इमारती थकलेल्या ऋणावरचे व्याज ठरतील, आणि मुद्दल तसेच थकीत राहील. पांगुनाच्या दरीत ते १९८९ पासून थकलेले आहे. ते मुळात किती होते याची मोजदाद करावयासच पस्तीस वर्षे लागली, यावरून ते फेडले जाईल तेव्हा फेडणाराला काय वाटेल यापेक्षा, घेणारांपैकी किती जण ते पाहावयास उरलेले असतील, हा प्रश्न अधिक निकडीचा होऊन बसतो.